आमचे पीएसआय

आमच्या सोसायटीत एक पीएसआय राहतात. पोलीस खात्याशी त्यांचा संबंध पासपोर्टच्या चौकशीपुरताच आला असेल. झालं असं, की नवा वॉचमन रुजू झाला त्याच रात्री साडेअकराला त्याला पार्किंगमध्ये एक गृहस्थ गाडीच्या चाकाशी उकिडवे बसलेले दिसले. मान आणि खांद्याच्या बेचक्यात बॅटरी, हातात पेनासारखं काहीतरी. वॉचमनने काठी आपटून "कोण आहे?" विचारलं. गृहस्थांनी मान न वळवता सांगितलं, "पीएसआय बघतोय." वॉचमनने टाचा जुळवून सलाम ठोकला आणि पहाटेपर्यंत डोळा मिटला नाही. इतका जागा वॉचमन आमच्या सोसायटीने त्याआधी कधी पाहिला नव्हता.

ते पीएसआय म्हणजे टायरमधल्या हवेचा दाब. पण हा खुलासा होईपर्यंत नाव चिकटलं होतं, आणि कोथरूडात असल्यामुळे त्याचं शुद्ध मराठीकरणही झालं. फौजदार.

फौजदार बावन्न वर्षांचे आहेत. एका विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासतात, त्यामुळे जगात जे काही वाईट घडतं ते टायरमुळे, असं त्यांचं मत झालेलं आहे. गाडी २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस, सेकंडहँड, लालभडक. दोन लिटरचं टर्बो इंजिन, २३० अश्वशक्ती. हे दोनशे तीस घोडे रोज सकाळी सव्वाआठला हिंजवडीकडे निघतात आणि चांदणी चौकात एका रिक्षाच्या पाठीवरचा 'आईचा आशीर्वाद' वाचत उभे राहतात. सरासरी वेग ताशी अकरा. टायरवर मात्र 'डब्ल्यू' असं अक्षर आहे, म्हणजे तो ताशी २७० पर्यंत चालवायला हरकत नाही.

हे मला त्यांनीच शिकवलं. टायरच्या कडेला जे बारीक अक्षरात छापलेलं असतं, ते आपण कधी वाचत नाही. फौजदार ते पत्रिकेसारखं वाचतात. २२५/४५ आर १७ ९१ डब्ल्यू. रुंदी २२५ मिलिमीटर. कडेची उंची त्या रुंदीच्या ४५ टक्के. 'आर' म्हणजे रेडियल; त्रिज्या समजणारा माणूस त्यांच्या मनातून कायमचा उतरतो. डिस्क १७ इंची. ९१ म्हणजे ६१५ किलो वजन पेलणार. आणि सगळ्यात शेवटी एका लंबगोलात चार आकडे, ते जन्मवेळेचे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गेल्या खेपेला दुकानदाराने २३२४ चा टायर पुढे केला तेव्हा फौजदारांनी बोटांवर हिशेब केला. २०२४ चा तेविसावा आठवडा, म्हणजे जूनचा पहिला आठवडा. "मृगाचा आहे," ते माझ्या कानाशी म्हणाले. "पाण्यात चांगला निघणार."

पाण्यात की कोरड्यात, हा त्यांच्या आयुष्यातला मूळ पेच. कोरड्या रस्त्यावर जितकं रबर टेकेल तितकी पकड चांगली. म्हणून शर्यतीचा कोरड्याचा टायर सरळ गुळगुळीत असतो, आपल्याकडे ज्याला 'गोटा झालाय' म्हणतात तसा, फक्त मुद्दाम केलेला आणि महाग. पाऊस आला की उलटं. पाण्याला निघून जायला खाचा हव्यात, नाहीतर रबर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याची चादर घुसते आणि गाडी रस्ता सोडून पाण्यावर चालू लागते. खाचा वाढवाव्यात तर रबर कमी टेकतं, वर त्या खाचांमधले ठोकळे कोरड्या वळणावर लवलव करतात. एक पकडावं तर दुसरं सुटतं. सोसायटीच्या वार्षिक सभेत 'ओला आणि सुका' हा विषय निघाला तेव्हा सेक्रेटरींच्या मनात कचरा होता. फौजदार उठले आणि वीस मिनिटं टायरवर बोलले. शर्यतीचा पूर्ण पावसाळी टायर ताशी ३०० च्या वेगात सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला फेकतो, हे वाक्य इतिवृत्तात आहे. आमच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये दर जुलैत घोटाभर पाणी साचतं. असे चार टायर भाड्याने मिळतील का, अशी सूचना खजिनदारांनी मांडली, ती मात्र इतिवृत्तात नाही.

चुकीचा टायर घातला तर काय होतं याची त्यांच्याकडे एक कथा आहे. सत्यनारायणाच्या कथेत साधुवाण्याचं जे स्थान, ते त्यांच्या कथेत टिमो ग्लॉकचं. २ नोव्हेंबर २००८, साओ पावलो, फॉर्म्युला वनच्या मोसमातली शेवटची शर्यत. शेवटच्या फेऱ्यांत पाऊस भुरभुरायला लागला. पुढचे बहुतेक सगळे पावसाळी टायर घालायला आत वळले, ग्लॉक कोरड्यावरच बाहेर राहिला. शेवटच्या फेरीत पाऊस वाढला आणि त्याची गाडी साबणाच्या वडीसारखी सटकू लागली. अगदी शेवटच्या वळणांपाशी हॅमिल्टन त्याला मागे टाकून पाचवा आला आणि एका गुणाने जगज्जेता झाला. इकडे त्याच्या प्रतिस्पर्ध्याने, मासाने, घरच्या मैदानावर शर्यत जिंकलेली. त्याच्या गोटात नाचायला सुरुवात झालेली, आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात सगळं खलास. फौजदार ही कथा सांगताना 'खलास' म्हणून चष्मा पुसतात. त्यांच्या घरात ग्लॉक हे क्रियापद आहे. मुलगा छत्री न घेता निघाला की वहिनी आतून ओरडतात, "ग्लॉकशील रे!"

तर टायर निवडणं. फौजदारांना त्यासाठी साधारण फेब्रुवारी ते मे एवढा काळ लागतो. युरोपातले लोक थंडीचे टायर वेगळे ठेवतात, कारण पारा सातच्या खाली गेला की उन्हाळी रबर कडक पडतं. पुण्यात ते सात अंश दोन-चार पहाटे येतात, तेव्हा फौजदार आणि गाडी दोघंही झाकलेले असतात. आपल्याला आठ महिने तापलेलं डांबर आणि चार महिने पाणी. म्हणून ते अलीकडे सिलिका मिसळलेल्या रबराच्या बाजूला आलेत. नुसत्या काजळीच्या रबरापेक्षा ते ओल्यात चांगलं धरतं. मिशलिन, काँटिनेंटल, योकोहामा, सगळ्यांची एक वही आहे. मिशलिनने १९०० साली प्रवाशांसाठी पुस्तिका काढली होती, हेतू हा की लोकांनी गाड्या काढून हिंडावं आणि टायर झिजवावेत. त्याच पुस्तिकेच्या तारका आता मोठमोठे आचारी छातीवर मिरवतात. फौजदारांचं याच्या उलट. ते मिसळ खायला म्हणून लोणावळ्याला जातात, ते टायर तापतो कसा ते पाहायला. मिसळीला आजवर त्यांनी एकही तारका दिलेली नाही.

नवीन टायर साधारण आठ मिलिमीटर खोल असतो. कायद्याला १.६ मिलिमीटर पुरतात. खाचेत तेवढ्या उंचीचे छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्याशी समपातळीत आलं की टायर संपला. फौजदारांचा कायदा चार मिलिमीटरचा. "उरलेले काय म्हणून फेकायचे?" असं वहिनींनी विचारलं, तेव्हा त्यांनी मेहुण्याला त्याच मापाची गाडी घ्यायला लावली. मेहुणा सात वर्षं फौजदारांच्या उष्ट्या टायरवर सुखाने फिरतोय आणि आजवर एकदाही घसरलेला नाही. हा विषय त्यांच्याकडे काढायचा नसतो.

दुकानातला प्रसंग मी प्रत्यक्ष पाहिला आहे. बजेटपायी त्या वर्षी दोनच नवे घ्यायचे होते. पोऱ्याने ते पुढच्या चाकांना लावायला घेतले. गाडी पुढच्या चाकांवर ओढते, नवे पुढे, सरळ हिशेब. फौजदार आडवे आले. नवे मागे! पावसात पुढचं सुटलं तर गाडी सरळ जाते, आपण पाय काढतो, ती सावरते. मागचं सुटलं तर ती गर्रकन फिरते, आणि मग तुमच्या हातात स्टिअरिंग असलं काय आणि लाटणं असलं काय. हे बरोबर आहे. टायरच्या कंपन्याही हेच सांगतात. पण मालक, पोऱ्या आणि चहा घेऊन आलेला मुलगा असे तिघं विरुद्ध एक, असा तो वाद पाऊण तास चालला. शेवटी मालक म्हणाले, "घाला रे मागे, साहेब अभ्यास करून आलेत." पुण्यात यापेक्षा मोठा अपमान नाही, पण फौजदारांना तो गौरव वाटला. वर नायट्रोजन भरू का विचारलं, तर ते म्हणाले, "साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के तोच असतो. उरलेल्या बावीस टक्क्यांचे पैसे सांगा."

नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, साच्याच्या भोकांतून आलेले. पोरांना ते उपटायला फार आवडतं. फौजदार उपटू देत नाहीत. चालून चालून आपोआप जायला हवेत म्हणतात, आणि पहिले काही शे किलोमीटर गाडीही बेतानेच चालवतात, कारण कोऱ्या रबराला पकड यायला वेळ लागतो. त्या काळात खाली खेळणाऱ्या पोरांवर त्यांची नजर असते. वहिनी त्याला 'ह्यांच्या टायरचं जावळ' म्हणतात.

गेल्या जुलैत ते मला ताम्हिणीला घेऊन गेले. नवे टायर, भर पाऊस, ज्यासाठी चार महिने वह्या भरल्या तो दिवस. वाटेत त्यांनी मला गणित घातलं. साठच्या दशकात नासाच्या लोकांनी विमानांच्या चाकांसाठी हिशेब मांडला होता, दाबाचं वर्गमूळ गुणिले नऊ, तितक्या नॉटला चाक साचलेल्या पाण्यावर तरंगतं. "माझ्यात ३६ भरलेत. वर्गमूळ सहा. सहा नवे चोपन्न. चोपन्न नॉट म्हणजे ताशी बरोबर शंभर किलोमीटर!" म्हणून पावसाळ्यात हवा कमी करू नये, कमी दाबाचा टायर लवकर तरंगतो, आणि लोक नेमकं उलट करतात. मी म्हटलं, हे विमानाचं आहे. ते म्हणाले, "म्हणून तर आपण चाळीसने चाललोय."

खरोखर चाळीसनेच चाललो होतो. पहिल्या वळणाच्या आधी तीस झाले. दोनशे तीस घोडे, मृगाचे टायर आणि धुक्यात दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून पुढे वाकलेले फौजदार. मागून एक लाल एसटी हॉर्न वाजवत आली, चिखलाचा एक पडदा आमच्या काचेवर टाकला आणि वळणापलीकडे गेली. "मागचे रिमोल्ड होते," फौजदार शांतपणे म्हणाले. त्या पावसात त्यांना ते कसं दिसलं, देव जाणे.

परतीच्या वाटेवर उजवं मागचं चाक बसलं. पौडच्या अलीकडे पत्र्याच्या टपरीत पंक्चरवाला भेटला. त्याने चाक काढून साबणाचं पाणी ओतलं, बुडबुड्यांवर अंगठा ठेवला आणि पकडीने घोड्याच्या नालेचा खिळा ओढून काढला. फौजदारांनी आतून पॅच लावायची विनंती केली. बाहेरून पट्टी खुपसली तर टायरच्या वेगाची हमी राहत नाही, असंही सांगितलं. पंक्चरवाल्याने गाडीकडे, मग घाटाकडे, मग फौजदारांकडे पाहिलं आणि पॅच घासायला घेतला. सोल्युशन सुकेपर्यंत त्याला काम नव्हतं. टायर मांडीवर घेऊन तो रस्त्यावरची भिजलेली पोरं बघत बसला, आणि दुसऱ्या हाताने, ध्यानात नसताना, कडेचे केस एकेक करून उपटू लागला.

मी फौजदारांकडे पाहिलं. ते पाठ फिरवून डोंगरावरचे धबधबे मोजत होते.