जन्मस्थळ : पारशिवनी

पारशिवनीच्या तहसील कचेरीत जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांच्या कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल मागावी आणि फिकट शाईतली नोंद कारकुनाने खिडकीच्या उजेडात धरून वाचावी, हे दृश्य पाहून, मनुष्य कोठे व कोणाच्या पोटी जन्मला या चौकशीचा सोस केवळ आपल्याच सरकारास आहे, असा माझा समज झाला होता. तो अमेरिकेने घालवला. तिकडच्या शस्त्रनिर्यात नियमावलीप्रमाणे परकीयास नुसता आराखडा दाखवणे हीदेखील निर्यातच. आणि हा परकीय नेमका कोणत्या देशाचा, हे ठरवताना हातातल्या पारपत्राबरोबर जन्मभूमीही तपासण्याची तेथील परराष्ट्र खात्याची वहिवाट होती. अमेरिकी आराखडे हाताळणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही ती पाळावी लागे. ऑस्ट्रेलियाचा कायदा तर राष्ट्रीयत्वावरून नोकरीत भेद करू देईना. तेव्हा २००७ साली बोइंगच्या तेथील कंपनीने व्हिक्टोरिया राज्याच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज गुदरून समतेच्या कायद्यातून रीतसर सूट मिळवली. भेदभावाचा परवाना, तोही अटी व मुदतीसह!

आता समजा, पेंच नदीचे पाणी पिऊन वाढलेला आमचा एखादा अभियंता मेलबर्नला जाऊन तेथला नागरिक झाला. नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ अन्वये भारताने त्याचे नाव त्याच क्षणी खारीज केले. वॉशिंग्टनच्या दफ्तरी मात्र त्या वहिवाटीने तो पारशिवनीचाच. जन्मस्थानावरून सरकारी नोकरीत भेद नको, असे बजावणारे आपल्या राज्यघटनेचे कलम १६ तिकडे चालत नाही. २०११ साली अमेरिकेचे हे नियम काहीसे सैल झाले, एवढाच दिलासा. तरी पोराने कोतवाल बुकाची नक्कल जवळ बाळगावी. साक्षांकित असल्यास उत्तम.