फरकाचा फरक

आमच्या कॉलेजात दर शनिवारी दुपारी दोन वाजता कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर गणितकट्टा भरतो. मी मराठीचा मास्तर. दहावीला मला गणितात पस्तीस पडले होते, आणि त्यातलेही चार-पाच परीक्षकाने 'जा बाबा, सुखी राहा' म्हणून दिले असावेत. तरी मी जातो, कारण चहा गणितवाल्यांच्या खात्यावर असतो.

कट्ट्याला अध्यक्ष नाही, प्रास्ताविक नाही, आभार नाहीत. ज्याला काही सुचलं त्याने सांगायचं. वर्गात काय फसलं तेही सांगायचं. फळा नसल्याने टेबलाच्या सनमायक्यावर खडूने लिहायचं. गणिताच्या मॅडम म्हणतात, ही थोर परंपरा आहे. ल्वूव शहरातल्या स्कॉटिश कॅफेत पोलिश गणिती संगमरवरी टेबलांवरच लिहायचे, मग प्रश्न टिपायला वही आली. १९३६ साली त्यांच्यातल्या माझूर यांनी त्या वहीतल्या एका प्रश्नाला जिवंत राजहंसाचं बक्षीस लावलं. ते १९७२ साली एन्फ्लो नावाच्या स्वीडिश गणितज्ञाला मिळालं. आमच्याकडे बक्षीस बटाटावडा. तोही १९३६चाच वाटतो, पण कॅन्टीनवाले अण्णा म्हणतात सकाळचा आहे.

माझा पहिला शनिवार 'उणे गुणिले उणे बरोबर अधिक' यात गेला. पोरं पाठ करतात, पण पटत नाही, पटवायचं कसं? संख्यारेषा झाली, आरसा झाला, उलटा चालणारा माणूस झाला. तेवढ्यात अण्णा उधारीची वही घेऊन आले.

"सर, तुमच्या नावावर वीस-वीसच्या तीन उधाऱ्या. उधारी म्हणजे उणे. त्या मी खोडल्या, तर तेही उणेच. तुमचा फायदा किती?"

"साठ रुपये!" मी ओरडलो. शाळा सुटल्यानंतर चाळीस वर्षांनी डोक्यात उजेड पडला होता.

"पटलं?"

"पटलं!"

"मग काढा साठ. अजून खोडलेल्या नाहीत."

पण खरा रंगला तो कापरेकरांचा शनिवार. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर म्हणजे देवळालीच्या शाळेतले मास्तर. हा माणूस आकड्यांशी खेळायचा आणि १९४९ साली त्याने एक गंमत जगापुढे मांडली. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करा. जो फरक येईल त्याचं, अंक कमी पडला तर पुढे शून्य लावून, पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा. मग ६१७४ येतं आणि तिथून गाडी हलत नाही.

जो तो आपापल्या गाडीचा नंबर घेऊन बसला. माझी स्कूटर ४८२१. ८४२१ वजा १२४८, ७१७३. इथवर ठीक. पुढच्या वजाबाकीत मी दोन्ही हातचे विसरलो आणि ६३५४च्या जागी ६४६४ लिहून मोकळा झालो. शेजारी पाच पायऱ्यांचा हिशोब मांडून बसले होते, मला आठ लागल्या. पण आलं ६१७४च! माझी चूक पोटात घालणारं गणित मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. कॉमर्सच्या सरांनी आरटीओत जादा पैसे मोजून ७७७७ घेतलाय. त्यांचं पहिल्याच फेरीत शून्य. वड्याला हात न लावता ते उठून गेले.

कट्ट्याचंही थोडंफार तसंच आहे. विषय भूमिती असो, लॉगरिदम असो की पोरांची हजेरी, सात पायऱ्यांच्या आत तो सातव्या वेतन आयोगाच्या फरकावर येतो आणि तिथून हलत नाही.

मग प्राचार्यांना कट्ट्याचा सुगावा लागला. बावीस डिसेंबरला, रामानुजन यांच्या जयंतीला, म्हणजे राष्ट्रीय गणित दिनाला, तो सभागृहात भरवायचा फतवा निघाला. फ्लेक्स, दीपप्रज्वलन, शाल, नारळ, जिओटॅग फोटो, अभिप्राय फॉर्म. टॅक्सीच्या १७२९ या नंबराची गोष्ट तीन वक्त्यांनी सांगितली, तिसऱ्याने 'आपणांस ठाऊक नसेल' अशी सुरुवात करून. पाहुणे पन्नास मिनिटं बोलले. त्यात गणित आलं ते एकदाच, घड्याळ बघून 'दोनच मिनिटं' म्हणाले तेव्हा, आणि तेही चुकलं. कुणी प्रश्न विचारला नाही. वर्गात काय फसलं हे शाल पांघरलेल्या माणसासमोर कोण सांगणार?

पुढच्या शनिवारी आम्ही गुपचूप सनमायक्यावर परतलो. शिपाईमामा चहा घेऊन आले आणि तिथेच घुटमळले. चौदा वर्षं रोजंदारीवर आहेत. त्यांनी खिशातून कॅलेंडरचं फाडलेलं पान काढलं. मागची बाजू वजाबाक्यांनी भरलेली.

"मॅडम, पोरीबरोबर करून बघितलं. तीन अंकी घेतली तर शेवटी ४९५ येतं."

मॅडमचा कप हातातच राहिला. "बरोबर आहे, मामा! आणि दोन अंकी?"

"ते कुठंच थांबत नाही. नऊ, एक्याऐंशी, त्रेसष्ट, सत्तावीस, पंचेचाळीस आणि परत नऊ. पाच टेबलं फिरून पुन्हा पहिल्या टेबलावर," मामा ट्रे उचलत म्हणाले. "पोरगी म्हणाली, हे तर तुमच्या कायम होण्याच्या फाइलीसारखं आहे."