एकशे एक रुपयांचा आहेर

लग्नाची पत्रिका आली की आमच्या सोसायटीत घरोघरी आहेराचा खल होतो. तळमजल्यावरचे काका तो गणिताने सोडवतात. "एक्कावन्न? सतरा त्रिक! पाचशे एकलाही तीनने भाग जातो. हजार एक म्हणजे सात, अकरा आणि तेराचा गुणाकार, कुणीही यावं नि फोडावं. नव्या संसाराला फुटणारा आकडा द्यायचा?" म्हणून पाकिटात एकशे एक. दोनशे एक्कावन्नही मूळ संख्याच आहे, असं मी एकदा सुचवलं. काकांना ते नेमकं ऐकू आलं नाही.

जन्मभर बँकेत लोकांच्या नोटा मोजून झाल्यावर काका स्वतःसाठी मोठा आकडा शोधू लागले. १९९६पासून जगभरचे हौशी लोक घरच्या कॉम्प्युटरवर मर्सेन मूळ संख्या शोधताहेत. दोनचा घात घ्यायचा, एक वजा करायचा आणि उरलेल्याला कशानेच भाग जात नाही ना, ते तपासायचं. घातांकही मूळ संख्याच लागतो. तरी खात्री नाहीच. अकरा मूळ, पण दोनचा अकरावा घात वजा एक म्हणजे २०४७, आणि ते निघतात तेवीस गुणिले एकोणनव्वद. भावाने जमिनीत फसवावं, तसे काका २०४७बद्दल बोलतात.

काकांचा जुना कॉम्प्युटर एकेक आकडा तीन-तीन आठवडे चघळतो आणि शेवटी काकांचा घात करतो: भाग जातो!

"कशाने जातो?" काकूंनी एकदा विचारलं.

"ते नाही कळत. जातो, एवढंच कळतं."

"एवढ्यासाठी तीन आठवडे वीज जाळली?" तेव्हापासून काकू पावसाळ्यात उरलेल्या कुरडया त्याच खोलीत वाळवतात. खडखडीत वाळतात.

ऑक्टोबर २०२४मध्ये काका पेढे घेऊन आले. सातच होते. अमेरिकेतल्या ल्यूक ड्युरंटने दोनचा १३,६२,७९,८४१वा घात वजा एक ही मूळ संख्या शोधली होती. "चार कोटी दहा लाख चोवीस हजार तीनशे वीस अंकी! पानाला दोन हजार अंक धरले तरी साडेवीस हजार पानं. आणि शेवटचा अंक कुठला? एक! आहेरासारखा." मग जरा आवाज उतरला. "भाड्याच्या ग्राफिक्स चिपांवर काढलीन् म्हणे. घरच्या मशीनवर काढली असती, तर मानलं असतं."

यंदा काका त्र्याहत्तर, काकू एकाहत्तर. दोनच्या अंतरावरच्या जुळ्या मूळ संख्या! लग्न झालं तेव्हा एकतीस-एकोणतीस होते; मुलीचं वय कळताच काकांनी पत्रिका बाजूला ठेवली होती.

"आता पुढचा योग एकशे तीन-एकशे एकला," काका म्हणाले.

काकूंनी एक कुरडई उलटली. "आणि पुढच्या वर्षी? चौऱ्याहत्तर-बहात्तरचं काय?"

काका जरा वेळ गप्प बसले. "ते वर्ष तू सांभाळून घे."