पाचमिनिटे

सातपुते, बारहाते, दहातोंडे ही आडनावं मराठीत चालतात, तर पाचमिनिटे चालायला काय हरकत आहे? आमच्या सिद्धेश्वरात हे आडनाव गावानेच एका गृहस्थाला बहाल केलं आहे. खरं आडनाव रेशनकार्डावर असेल, तिथे कोण बघायला जातो! कुणाचा मोबाइल अडो, प्रिंटर रुसो, टॅबवर फोटो न येवोत, हा उंबऱ्याशी चपला काढता काढता म्हणतो, "पाच मिनिटांचं काम आहे." ते ऐकलं की आमची ही मुकाट्याने चार भाकरींचं पीठ जास्तीचं घेते.

2001 साली एमएस-सीआयटी निघाली, तिच्या सुरुवातीच्या तुकड्यांतला हा. सर्टिफिकेट लॅमिनेट करून देवघराशेजारी टांगलं आहे. खांद्याला बियाण्याच्या दुकानातून फुकट मिळालेली पिशवी, आणि तिच्यात केबलींचा असा गुंता की बैलांची दावी बरी. त्यातल्या निम्म्या केबली नुसत्या चार्जिंगच्या. आत चार तारा हव्यात तिथे दोनच. वीज जाते, फोटो जात नाही. कुठली कोणती, हे लावून बघितल्याशिवाय त्यालाही कळत नाही.

आमचं दुखणं साधं होतं. मुलाने पुण्याहून माझ्या आईसाठी जुना आयपॅड पाठवला. नातवाचं जावळ औंढ्याला काढलं, त्याचे फोटो आमच्या संगणकात. ते आयपॅडवर चढवायचे, म्हणजे आई दुपारी पडल्या पडल्या बघेल. मी आठवडाभर खटपट केली. केबल लावायची, संगणक टुंग करायचा आणि आयपॅड ढिम्म.

पाचमिनिटे आला. आधी चहा. मग संगणक बंद करून चालू केला. हा त्याचा श्रीगणेशा. मग केबल बदलली. मग दुसरी. मग चित्रांच्या फोल्डरात शिरून 'आयपॉड फोटो कॅश' नावाचं फोल्डर शोधून काढलं. "टॅबवर चढवायला आयट्यून्स फोटोंच्या छोट्या नकला करून इथं ठेवतं. ती बिघडली की सगळं अडतं. उडवली की पुन्हा नवी बनवतं." उडवली. हे मात्र त्याला खरोखर येतं, उगाच नावं ठेवायला नकोत.

मी विचारलं, "आईने टॅबवर काढलेले फोटोही असेच संगणकात येतील ना?"

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "काका, येलदरीचं पाणी सिद्धेश्वरला येतं. सिद्धेश्वरचं येलदरीला जातं का?"

गप्प बसलो. धरणाच्या उशाला राहून ही गोष्ट मला कुणी सांगायला नको होती. वर येलदरी, खाली आम्ही. पूर्णेचं पाणी वरून सुटतं, आमच्याकडे येतं, इथून कालव्याला लागतं. आयट्यून्सचं तसंच, एका दिशेने. तिथून चढवलेला फोटो टॅबवर पुसायला गेलात तर पुसलाही जात नाही. वर संगणकात फोल्डरावरची खूण काढून पुन्हा सिंक करायचं, म्हणजे वरूनच दार बंद करायचं. उलटा प्रवास करायचा तर टॅब कॅमेऱ्यासारखा उघडून फोटो हाताने उतरवायचे, उपसा सिंचनच म्हणा ना. जागेचा हिशेबही त्याने पाण्यातच सांगितला. येलदरीचा जिवंत साठा सुमारे 810 दलघमी, आमचा 81. "सगळे फोटो कशाला चढवता? आणि टॅबच्या 32 जीबीत मृतसाठा किती ते बघा आधी." सिद्धेश्वरचा मृतसाठा जिवंत साठ्याहून जास्त, हे इथलं पोरगंही सांगेल.

पण खरा वेळ इथे जात नाही. तो जातो फोटो बघण्यात. कोणते चढवायचे ते निवडताना पाचमिनिटे प्रत्येक फोटोपाशी थांबतो. "ही तुमची मेहुणी ना? हिंगोलीची? मग हिचे मालक कामून दिसंनात?" दिसत नव्हते, कारण आले नव्हते. का आले नव्हते, हे मग हिने सांगितलं. त्यात पाऊण तास. गावातल्या प्रत्येक घरातले फोटो ह्याने असे निवडून दिलेत. कोण कुणाच्या लग्नात शेवटच्या रांगेत उभं होतं, हे तलाठ्याकडेही नाही, ह्याच्याकडे आहे.

दोन भाकरी झाल्या, पिठलं झालं. आयपॅड ढिम्मच. तेव्हा पहिल्यांदाच त्याने विचारलं, "टॅब कुठाय?"

टॅब केबलीसकट आईच्या मांडीवर होता. मुलाने त्यावर हिंदी लावून दिलेली, आईला वाचता यावी म्हणून. पाचमिनिटेने केबल काढून पुन्हा खोचली. पडद्यावर प्रश्न उमटला. आईने चष्मा सावरला, बोट नेलं आणि ठामपणे दाबलं.

"आजी, काय दाबलं?"

"विचारायलंय मेलं, ह्या कंप्यूटरवर भरोसा ठेवू का म्हणून. म्हटलं, नको."

"आतापर्यंत किती वेळा?"

"जितक्यांदा विचारलं तितक्यांदा. भरवशाच्या म्हशीला टोणगा झालेला पाहिलाय मी."

पुढच्या खेपेला आईने आमच्या तोंडाकडे बघून, नाइलाजाने भरोसा ठेवला. टॅबने कुलपाचा आकडा मागितला, तो तिच्याच कनवटीच्या चिठ्ठीत निघाला. फोटो सरसर चढले. त्यातले तीसेक आडवे. मीच एका संध्याकाळी संगणकावर बसून ते सरळ केले होते. पाचमिनिटे म्हणाला, "फोटो कोणत्या बाजूने धरायचा ह्याची चिठ्ठी कॅमेरा फोटोच्या आत ठेवतो. तुम्ही फोटो फिरवला, चिठ्ठी तशीच राहिली. टॅबने चिठ्ठी वाचून पुन्हा फिरवला." मग पडद्यावरच्या नागनाथाच्या आडव्या देवळाकडे बघत, "नामदेवांच्या कीर्तनाला देऊळ फिरलं आणि नंदी मागंच राहिला, तसं झालं हे. सिंकचा पहिला घोटाळा औंढ्याचाच."

आई मान तिरकी करून नातवाचं टक्कल बघत होती. सरळ करून देऊ का विचारलं, तर हात झटकला.

दिवेलागणीला तो गेला. दुसऱ्या दिवशी पाहिलं, आमची चालती केबल त्याच्या पिशवीतून गेली होती आणि कुणाची तरी पिवळी, दोन तारांची, आमच्या टेबलावर होती. फोन केला.

"हो हो, माझ्याकडंच आहे," तो म्हणाला. "पाच मिनिटांत आणून देतो."

ही पीठ काढायला उठली.