दहा अधिक एक

मांसासाठी गुरं पाळून चार पैसे कमवावेत, असं टेक्सासात कुणाच्या मनात आलं तर तो बँकेची पायरी चढतो. चंद्रपूर-गडचिरोलीत आलं तर आधी वकिलाची चढावी लागते. गोहत्येला महाराष्ट्रात 1976च्या कायद्यानेच मनाई होती. 1995 साली विधिमंडळाने त्यात बैल आणि वळूही घातले, पण राष्ट्रपतींची मंजुरी यायला 2015 उजाडलं. ज्या बैलांसाठी ही दुरुस्ती झाली, ते एव्हाना कायद्याची वाट बघून आपल्या मरणानेच गेले होते. आता गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. म्हैस आणि हल्या, म्हणजे रेडा, तेवढे बंदीबाहेर राहिले. जगातल्या मोठ्या मांस-निर्यातदारांत भारताचं नाव लागतं ते त्यांच्याच जिवावर. पण झाडीपट्टीतला, म्हणजे या धानाच्या मुलखातला, हल्या बांधीत गुडघाभर चिखलात राबत असतो; त्याला विकून रोवणीला कुणाला जुंपणार?

बरं, इथली गाय तरी कशी? गडचिरोलीजवळून वाहणाऱ्या कठाणी नदीच्या नावाची. कठाणी जात बुटकी, काटक आणि दुधाच्या बाबतीत कमालीची मितभाषी. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडे तिची रीतसर नोंद केली, तोवर ती सरकारदरबारी निव्वळ ‘गावठी’ होती. बाहेरच्या माणसाला प्रश्न पडतो की दूध चहापुरतं, मग दावणीला आठ-आठ कशाला? उत्तर उकिरड्यावर सापडतं. धानाला शेणखत लागतं आणि चिखलणीला हलक्या अंगाचे, न रुतणारे बैल लागतात. सकाळी ढोरकी येतो, आखरावरून कळप जंगलात नेतो, संध्याकाळी परत आणतो. वाघाची मर्जी असेल तर सगळा आणतो.

तेव्हा मांसातून नफा हवा असलेला हिशेबी माणूस शेवटी शेळीकडे वळतो. सरकारही त्याला तिकडेच ढकलतं. दहा शेळ्या आणि एक बोकड अशी अनुदानाची योजना आहे. सर्वसाधारण लाभार्थ्याला निम्मं, अनुसूचित जाती-जमातीला 75 टक्के. मग रात्री कंदिलाखाली नाही, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हिशेब सुरू होतो. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. दोन वर्षांत तीन वेतं, प्रत्येक वेताला जुळी. दहा त्रिक तीस, तीस दुणे साठ! कागदावरची शेळी कधी गाभडत नाही, तिला हगवण लागत नाही आणि ती शेजाऱ्याच्या तुरीत शिरत नाही. साठातले निम्मे बोकड, एकेकाचे अमुक हजार... इथपर्यंत आल्यावर माणूस मोटारसायकलचं मॉडेल निवडायला घेतो.

खरी शेळी मात्र उस्मानाबादी निघते. जात उत्तमच, जुळ्यांसाठी नावाजलेली. पण धाराशिवच्या कोरड्या हवेतली ही लेक गडचिरोलीच्या श्रावणात नांदायला येते, ओल्या जमिनीवर उभी राहून शिंकते आणि पहिल्या पावसाळ्यातच करडांना सर्दी-खोकला आणि न्यूमोनिया होतो. बांबूचा उंच माचा आणि पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस या दोन गोष्टी ज्याने आधी केल्या, त्याचाच कळप दिवाळी बघतो. पीपीआर या रोगाची लसही तितकीच गरजेची. गावठी शेळी अंगाने लहान, पण ती मोहफुलांवर वाढलेली, पावसाला सरावलेली. नवख्याने तिच्यापासून सुरुवात करावी, हे लेखकाचं ठाम मत आहे. उस्मानाबादीच्या दिमाखाला भुलू नये.

दिवाळी बघितलेल्या बोकडापुढे नवं संकट उभं राहतं, ते म्हणजे मंडई, अर्थात गावची जत्रा. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते, रात्री वडसाच्या कंपनीचं नाटक असतं आणि नाटकाला पाहुणे असतात. व्याही येतात, साडू येतात, साडूचे साडूही येतात. मालक म्हणतो, बोकड विकायचा आहे, वजन भरू द्या. त्यावर ओसरीवरून सवाल येतो, ‘‘का जी, बोकड्या फोटो काढाले ठेवला का?’’ या सवालाला कोणत्याही प्रकल्प अहवालात उत्तर नाही. सकाळी नाटकाची चर्चा चालते आणि खात्यातून एक बोकड वजा होतो, तो ना विक्रीत ना मरतुकीत.

उरलेल्यांवर बिबट्याची नजर असते. वाघ गाय मारतो तेव्हा निदान धूड तरी मागे राहतं. बिबट्या करडू पाठीमागे पुरावा न ठेवता नेतो. शेणाने सारवलेल्या अंगणात ओढत नेल्याची एक रेघ, कुडाला चिकटलेले चार काळे केस, एवढ्यावर पंचनामा उभा करायचा! वनविभागाची भरपाई शेळीला बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15 हजार, यांपैकी जे कमी असेल तेवढी. गाय-बैलाला हीच मर्यादा 70 हजारांची. पण त्यासाठी मृत जनावर जागचं हलवायचं नसतं. बिबट्याला हा नियम कोण सांगणार? विम्याची तऱ्हा वेगळी. तिथे कानातला बिल्ला दाखवावा लागतो, आणि बिल्ला कानासकट पोटात गेलेला असतो.

एवढं सगळं असूनही ब्रह्मपुरी, सिंदेवाही, धानोरा भागात शेळ्या घरोघर दिसतात. कारण तिथली बाई दहा अधिक एक असा हिशेब मांडतच नाही. तिच्याकडे तीन-चार शेळ्या असतात. शाळेची फी आली की एक बोकड बाजारात जातो, दवाखाना निघाला की दुसरा. व्यापारी नजरेनेच वजन ठरवतो आणि त्याची नजर नेहमी दोन-तीन किलो कमी भरते. तेव्हा कळप वाढवायच्या आधी एक ताणकाटा विकत घ्या. त्याला अनुदान नाही, पण पहिल्याच बाजारात त्याची किंमत वसूल होते.