टॉवेल कुणाचा?

माझ्या भाचीच्या हातात स्पोकन इंग्लिशच्या क्लासनं पहिल्याच आठवड्यात झेरॉक्स ठेवली: 'रोजच्या वापरातले शंभर वाक्प्रचार'. पाठ करा, मुलाखतीत वापरा. पहिला मान अर्थातच 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'ला.

हा वाक्प्रचार जोनाथन स्विफ्टच्या १७३८ च्या पुस्तकात सापडतो, आणि ते पुस्तकच मुळी बड्या घरांतल्या शिळ्या बोलण्याची टर उडवायला लिहिलेलं. तेव्हा जे शिळं होतं, ते आज पोरांना ताजं म्हणून वाढायचं आणि वर फी घ्यायची? पाऊस धो धो पडत असेल तर 'इट्स पोअरिंग' पुरे.

पुढं 'थ्रो इन द टॉवेल'. अर्थ, हार मानणे. मी भाचीला विचारलं, ''टॉवेल कुणाचा?'' कागदावर ते नव्हतंच. बॉक्सर मार खात असला की त्याचा कोच रिंगणात टॉवेल टाकतो आणि लढत थांबवतो, एवढंच सांगितलं. ती पटकन म्हणाली, ''म्हणजे मामा, वस्तादानंच कुस्ती थांबवली!'' आता हा वाक्प्रचार ती जन्मात विसरणार नाही.

शड्डू ठोकणं, अस्मान दाखवणं, पाठीला माती लागू न देणं. आपलं निम्मं बोलणं तांबड्या मातीतून आलंय. शाहू महाराजांचं खासबाग मैदान ज्या गावात आहे, तिथल्या पोरांना रिंगणातलं इंग्रजी जड जावं, हा दोष पोरांचा नाही.

आणि बोलायची एवढी घाई कशाला? आधी कानाला कळू दे. पुण्याच्या कंपनीत साहेब 'बॉलपार्क फिगर' मागतो, म्हणजे त्याला अंदाजे आकडा हवा असतो. 'टच बेस' म्हणतो, म्हणजे थोडं बोलून घेऊ. दोन्ही बेसबॉलचे, आणि झेरॉक्सवर दोन्ही नाहीत.

मॅनवारिंग नावाच्या मिशनऱ्यानं आपल्या म्हणी गोळा केल्या, शेती, प्राणी, खाणंपिणं असे भाग पाडून लावल्या आणि १८९९ मध्ये ऑक्सफर्डहून छापल्या. म्हण कुठल्या मातीतली, हे त्या परक्या माणसानं आधी पाहिलं. आमच्या क्लासवाल्यांना एवढंही करवत नाही?

भाचीनं परवा झेरॉक्सच्या पाठीमागं रकाने आखले: कुस्ती-बॉक्सिंग, क्रिकेट, जहाज, शेत. 'बिलो द बेल्ट' पहिल्या रकान्यात गेला. मांजर-कुत्र्यांवर तिनं काट मारली.