मायनसकाका

स्वारगेटच्या एसटी स्टँडवर माणूस दोन कारणांनी थांबतो. एक, गाडी पकडायला. दुसरं, उतरणाऱ्या पाहुण्यांच्या पिशव्या धरायला. मायनसकाका तिसऱ्याच कारणाने थांबतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, रोज सकाळी, महाबळेश्वरहून येणाऱ्या पहिल्या गाडीसाठी. त्या गाडीतून त्यांचं कुणीही येत नसतं. गाडी फलाटाला लागली की लोक उतरायला धडपडतात, आणि त्या लोंढ्यात उलटे घुसून काका ड्रायव्हरच्या खिडकीखाली पोचतात.

"काय ड्रायव्हरसाहेब, वेण्णा लेकला पांढरं दिसलं का आज?"

जुने ड्रायव्हर त्यांना ओळखतात. "काका, धुक्यात पुढची जीप दिसत नव्हती, गवताचं कुठलं सांगू?" एवढं बोलून ते नोंद करायला निघून जातात. एखादा नवा असला तर विचारतो, "पांढरं म्हणजे?" काका म्हणतात, "बर्फ." तो कंडक्टरकडे बघतो. कंडक्टर डोळ्यांनीच सांगतो, निरुपद्रवी आहेत.

काकांचं खरं नाव सोसायटीच्या पाटीवर आहे, पण ते फक्त पोस्टमन वापरतो. बँकेत ऑडिटमध्ये आयुष्य काढलं, निवृत्त झाले, आणि दुसऱ्यांच्या चुका शोधायचा तीस-पस्तीस वर्षांचा सराव वाया जाऊ नये म्हणून त्यांनी हवामान खातं तपासायला घेतलं. तसा हा प्राणी पुण्यात दुर्मीळ नाही. प्रत्येक पेठेत, प्रत्येक उपनगरात एक असतोच. डिसेंबरात दूध आणायला गेलं की भेटतो आणि "आज एनडीएला सात होतं" असं सांगतो, जणू ते सात त्याने स्वतः रात्री उठून करून ठेवलंय. पण मायनसकाकांचं दुखणं वेगळं आहे. त्यांना नुसती थंडी नको. त्यांना बर्फ हवा. तोही पुण्यात.

त्यात नशिबाने घर दिलं स्वारगेटला. एसटीची चालू इंजिनं, पीएमपीच्या गाड्या, जेधे चौकातला उड्डाणपूल, चहूबाजूंनी सिमेंट, आणि आता पोटात मेट्रो. दिवसभर तापलेलं हे सगळं रात्रभर ऊब सोडत राहतं. पहाटे शिवाजीनगरचा पारा नऊवर असतो तेव्हा काकांच्या गच्चीवर साडेअकरा. हा फरक ते रोज वहीत लाल शाईने लिहितात. पाषाणला राहणारे लोक भेटले की काका त्यांच्याशी जरा तुटकच वागतात. वडिलोपार्जित जमीन ज्यांच्या वाट्याला गेली अशा चुलतभावांशी वागावं, तसं.

गच्चीवरच्या वेधशाळेबद्दल सांगायला हवं. हवेचं तापमान उघड्यावर मोजायचं नसतं. त्यासाठी पांढरी, झडपांची लाकडी पेटी लागते, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, दार उत्तरेला. काकांनी ती जुन्या वाड्याच्या खिडक्यांच्या झडपांतून सुताराकडून करून घेतली. सोसायटीच्या चेअरमनना वाटलं कबुतरखाना. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना वाटलं मधमाशा. कुणीतरी तिच्यावर ओले मोजे वाळत घातले आणि त्या आठवड्याची सगळी नोंद काकांनी रद्द केली. दोन वार्षिक सभांच्या इतिवृत्तांत "गच्चीवरील पेटीबाबत चर्चा झाली, निर्णय पुढील सभेत" असं आहे. वरच्या मजल्यावरचा, भूगोल शिकणारा एक मुलगा मात्र मुद्द्याचं बोलला. "काका, पेटी जमिनीपासून चार फूट हवी. तुमची चौथ्या मजल्याच्या वर आहे."

"मग काय, जमीन वर घ्या म्हणून अर्ज करू का महापालिकेला?"

त्या दिवसापासून तो मुलगा काकांचा सहायक आहे. तो मोबाइलवर युरोपियन मॉडेल बघतो, अमेरिकन मॉडेल बघतो आणि दोघांतलं जे थंड असेल ते काकांना दाखवतो. काकांना खूश कसं ठेवायचं हे त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं.

हवामान खात्याशी काकांचं भांडण घरातल्यासारखं आहे, कारण खातं घरातलंच. १८७५ मध्ये कोलकात्यात सुरू झालेलं हे खातं १९०५ मध्ये सिमल्याला गेलं आणि १९२८ मध्ये पुण्याला आलं. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, पण शिवाजीनगरची ती इमारत पुणेकरांसाठी सिमला ऑफिसच राहिली. चौकाला आणि बसथांब्यालाही तेच नाव पडलं. बस तिथे थांबली की काका दरवेळी शेजारच्याला सांगतात, "ऑफिस आलं, फायली आल्या, साहेब आले, नावसुद्धा आलं. बर्फ तेवढा सिमल्यालाच विसरले." शेजारचा उतरून जातो. उतरायचं नसलं तरी.

पण याच खात्याविरुद्ध बाहेरच्या कुणी ब्र काढला तर काकांना खपत नाही. चहाच्या टपरीवर कुणी 'खात्याने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवायची' हा जुना विनोद सुरू केला की काका ब्लॅनफर्डला मैदानात उतरवतात. हेन्री ब्लॅनफर्ड, खात्याचे पहिले प्रमुख. हिमालयात हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ जास्त पडला की पुढचा मान्सून कमजोर होतो, असा आडाखा त्यांनी बांधला आणि त्याच्या आधारावर १८८६ पासून देशात मान्सूनचे अंदाज नियमित द्यायला सुरुवात झाली. "म्हणजे काय," काका कप आपटून म्हणतात, "या देशातला मान्सूनचा अंदाजच मुळी बर्फ बघून सुरू झाला. आणि तुम्ही मला येडा म्हणता!" येडा कुणीच म्हटलेलं नसतं, निदान त्या दिवशी तरी.

भूगोलवाल्या मुलाने एकदा धीर करून त्यांना खरी अडचण समजावली. बर्फ पडायला ढग लागतात. पण पुण्याच्या हिवाळ्यात ढग आले की ते जमिनीची ऊब गोधडीसारखी धरून ठेवतात आणि पारा वर चढतो. कडाका पडतो तो आभाळ निरभ्र असताना, आणि तेव्हा वरून पडायला काहीच नसतं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आधी थंडी पडू दे आणि मग पहाटे ढग येऊ दे. चालेल?" मुलगा म्हणाला, चालेल, पण कित्येक हजार फूट वर राहायला जावं लागेल. काकांनी पर्वतीकडे बघितलं.

तेव्हा उरतं महाबळेश्वर. तिथेही बर्फ पडत नाही, दव गोठतं. वेण्णा लेक आणि लिंगमळ्याचा भाग सखल. वारा पडलेल्या स्वच्छ रात्री थंड, जड हवा उतारांवरून घरंगळत तिथे साठते. गावातल्या वेधशाळेत पारा दहाच्या आसपास असताना तळ्याकाठच्या गवताच्या पात्यावर शून्य होऊ शकतं. मग जीपच्या टपावर, बोटींच्या धक्क्यावर, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर पांढरा थर दिसतो आणि वर्तमानपत्रं 'मिनी काश्मीर गोठले' म्हणून फोटो छापतात. स्ट्रॉबेरीवाला त्या सकाळी कपाळाला हात लावतो. काका तोच फोटो कापून देवघरात ठेवतात.

पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला तो ऑगस्ट २०२२ मध्ये. इतरांनी पंढरपूर केलं, अक्कलकोट केलं. काकांनी हिवाळ्याची वाट पाहिली. एका संध्याकाळी ओळखीच्या कंडक्टरचा फोन आला, "उद्या पडेल बहुतेक," आणि काका थर्मास घेऊन निघाले. काकूंना वाटलं चहाचा. मुक्काम करून पहाटे ते तळ्याकाठी पोचले, एका जीपच्या बॉनेटवरचं पांढरं ज्येष्ठ नागरिकांच्या स्मार्ट कार्डाने खरवडून थर्मासात भरलं, जीपवाल्याचं "रंगाला लागलं तर बघा" हे तीनदा ऐकून घेतलं आणि पहिल्या गाडीने परत निघाले. वाटेत पसरणी घाटात एका बाईंनी उलटीसाठी काही भांडं आहे का विचारलं, तेव्हा काकांनी थर्मास छातीशी धरला. स्वारगेटला घरी येऊन सगळ्या मजल्यांवरची मंडळी बोलावली आणि झाकण उघडलं. आत दीड चमचा पाणी, त्यात गवताची एक काडी. काकूंनी ते तुळशीला घातलं. स्मार्ट कार्ड त्यानंतर मशीनमध्ये चालत नाही.

खरा बर्फ त्यांनी बघितलेला नाही असं मात्र नाही. मुलगी अमेरिकेत, बफेलोला असते. ईरी सरोवरावरून येणारं थंड वारं तिथे वर्षाला सरासरी पंच्याण्णव इंच बर्फ टाकतं, म्हणजे आमच्या सोसायटीच्या चेअरमनच्या डोक्यावरून जाईल एवढा. काका डिसेंबरात मोठ्या उत्साहाने गेले आणि महिनाभर आधीच परत आले. आम्हाला वाटलं थंडी झेपली नसेल.

"थंडीचं काय घेऊन बसलात," ते म्हणाले. "सकाळी अकराला सुरू होईल म्हणून सांगतात, आणि अकराला सुरू होतं! आठ इंच म्हणतात, आठ इंच पडतं. आदल्या दिवशीच शाळांना सुट्टी. यात माणसाने जागं कशासाठी राहायचं?" शिवाय जावयाने हातात फावडं दिलं होतं. ते काकूंनी नंतर सांगितलं.

तिथून त्यांनी एकच चांगली गोष्ट आणली. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या शहरांपैकी सर्वांत जास्त बर्फ पडणाऱ्याला 'गोल्डन स्नोबॉल' नावाचा चषक मिळतो. काकांनी पुण्यासाठी 'सुवर्ण कानटोपी' सुरू केली. शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव, एनडीए, स्वारगेट, मगरपट्टा असे स्पर्धक. हंगामातलं सर्वांत कमी किमान तापमान नोंदवणाऱ्याला कानटोपी. मगरपट्ट्याचं नाव केवळ स्वारगेटच्या खाली कुणीतरी असावं म्हणून घेतलं आहे. कानटोपी खरोखरच आहे, पिवळ्या लोकरीची, काकूंनी विणलेली. कुणी न्यायला येत नाही, म्हणून काकाच घालतात.

थंडी आपल्याकडे महाशिवरात्रीला शिव शिव करत जाते, असं जुने लोक म्हणतात. तेव्हा दुसऱ्या दिवशी स्टँडसमोरच्या अमृततुल्यात काका हंगामाचा ताळेबंद मांडतात. यंदाही मांडला. हजर होते भूगोलवाला मुलगा, निवृत्त एसटी ड्रायव्हर एक, रस्त्याकडेला स्वेटर विकणारे तिबेटी आजोबा, आणि चहाचे पैसे द्यायला मी.

वहीत तीन रकाने आहेत. 'सांगितलं', 'झालं' आणि 'व्हायला हवं होतं'. खात्याला गुण द्यायचे ते पहिला रकाना तिसऱ्याशी ताडून. मधला रकाना माहितीसाठी.

सुरुवातीलाच काकांनी सारसबागेचा विषय काढला. तळ्यातल्या गणपतीला दर हिवाळ्यात स्वेटर आणि कानटोपी घालतात, हे पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. लोक फोटो काढायला जातात. काकांची तक्रार अशी की स्वेटर फार लवकर घातला. "देवालाच ऊब मिळाल्यावर तो थंडी कशाला वाढवेल? त्याला आधी थोडं वाजू द्यायला हवं होतं." तिबेटी आजोबांनी मान डोलवली. त्यांचाही माल शिल्लक होता.

मग खात्याची सुनावणी. काकांचा मुख्य राग 'पुढील दोन-तीन दिवसांत किमान तापमानात दोन ते तीन अंशांनी घट होण्याची शक्यता' या वाक्यावर. "दोन की तीन ते ठरवा. दिवस दोन, का तीन? आणि शक्यता म्हणजे काय? मी ऑडिटमध्ये लिहायचो का, कॅशियरने पैसे खाल्ल्याची शक्यता?" ड्रायव्हरमामा म्हणाले, "आम्हीपण तसंच सांगायचो की. गाडी सुटण्याची शक्यता आहे."

मुलाने मात्र या वेळी पंचाईत केली. त्याने हौसेने वहीतल्या पहिल्या दोन रकान्यांचा हिशेब करून आणला होता. म्हणाला, "काका, खातं जवळपास रोज अंशा-दोन अंशांत बरोबर आहे. यंदा मोठा कडाका नाही असं ते म्हणत होते, तो पडला नाही. डिसेंबरातली घट सांगितली, ती झाली."

काका बराच वेळ वहीकडे बघत राहिले. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "कडाका पडणार नाही, हे त्यांना आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी त्यांनी तसं सांगून टाकलं?"

"हो, काका."

"हा तर निव्वळ दुष्टपणा झाला."

यावर कुणालाच काही सुचेना. शेवटी ड्रायव्हरमामांनी तोडगा काढला. "काका, दरसाल दुसऱ्याची वही तपासता. एकदा तुम्हीच सांगा की अंदाज. पुढच्या हिवाळ्याचा." सगळ्यांनी उचलून धरलं. मुलाने कोरं पान काढलं, वर 'काका म्हणाले' असा रकाना आखला.

काका ताठ बसले. सांगितलं, "लिही. जानेवारी १९३५ मध्ये शिवाजीनगरला एक पूर्णांक सात होतं. येत्या जानेवारीत तो विक्रम मोडणार. स्वारगेटलासुद्धा पाचच्या खाली जाणार. आणि पर्वतीवर पहाटे पांढरं दिसणार."

मुलाने लिहिलं. तारीख घातली. मला आणि आजोबांना साक्षीदार म्हणून सह्या करायला लावल्या, कारण ऑडिटचा नियम तोच. मग वही सहीसाठी काकांसमोर ठेवली. काकांनी पेनाचं टोपण काढलं, वाचलं, पुन्हा वाचलं, आणि टोपण परत लावलं.

"असं कर," ते हळूच म्हणाले, "शेवटी 'शक्यता' घाल."

"किती टक्के?" मुलाने विचारलं.

"टक्के नको रे. नुसती शक्यता. आणि 'दोन-तीन वर्षांत' असं कर."